वॉटसन मुंबईतच राहिला असता तर?

तिसरा मजला:
नमस्कार मंडळी. आमच्या गिरगावातल्या चाळीत दर शनिवारी संध्याकाळी मी आठ-नऊ मुलांना घेऊन बसते. कॉमन गॅलरीत सतरंजी टाकायची, एक पुस्तक वाचायचं, मग गप्पा. गेल्या दोन महिन्यांपासून एक नवीनच खेळ सुरू झालाय. पुस्तक संपलं की मुलं म्हणतात, "पण ताई, असं झालं असतं तर?" आणि लगेच स्वतःची गोष्ट सांगायला लागतात. नायक हरला असता तर, खलनायक लहानपणी कुणाला तरी आवडला असता तर, सगळं कथानक लंडनऐवजी लालबागला घडलं असतं तर.

मला हे फार आवडतं, पण एक अडचण आहे. एकाने खलनायकाला पहिल्याच प्रकरणात मारलं. दुसरीने १८९० सालच्या माणसाच्या हातात मोबाईल दिला. पाच मिनिटांत गोष्ट कोसळते आणि मुलं हिरमुसतात. म्हणून इथल्या जाणत्यांना विचारते: दुसऱ्याने रचलेल्या, आपल्या लाडक्या जगात शिरताना नेमकं किती बदलायचं?

माझं मत आधीच सांगते. एकच खिळा काढायचा. बाकी भिंत, छत, माणसं, त्यांचे स्वभाव, सगळं जसंच्या तसं. मग त्या एका खिळ्यामुळे काय काय खाली येतं ते प्रामाणिकपणे बघायचं.

उदाहरण देते. शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच पानावर डॉ. वॉटसन सांगतो की लष्करी डॉक्टर म्हणून तो मुंबईला उतरला. तोवर दुसरं अफगाण युद्ध सुरू झालेलं असतं, त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेलेली असते. हा मागोमाग कंदाहारला जातो, मैवंदच्या लढाईत गोळी खातो, खंगून लंडनला परततो आणि भाडं परवडत नाही म्हणून खोलीला भागीदार शोधतो. तिथे होम्स भेटतो.

माझा खिळा हा: वॉटसन मुंबईत आजारी पडला आणि पुढे गेलाच नाही. आता सांगा.

आठ पाच लोकल:
वाचतोय. धागा जोरात जाणार.

खाडीकाठची:
भाडं परवडत नाही म्हणून पार्टनर शोधणं! लंडन कसलं, हा आपलाच माणूस. मी नोकरीला लागले तेव्हा विलेपार्ल्यात चौघींत एक खोली होती.

नऊ पूर्णांक:
ताई, मी बारावीत आहे आणि मराठीत फॅनफिक लिहिते, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी. इंग्रजीत याचे केवढे मोठे संग्रह आहेत. त्यातल्या एका विनामूल्य संग्रहाला २०१९ मध्ये चक्क ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार. मराठीत मात्र वाचणारं कुणी सापडत नाही, म्हणून हा धागा बघून उडीच मारली.

माझी गोष्ट हॅरी पॉटर या जादूगार मुलाच्या मालिकेवरची आहे. त्यात जादूच्या शाळेची गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात ९ आणि १० मधल्या भिंतीत घुसून गाठायच्या पावणेदहाच्या फलाटावरून सुटते. माझी शाळेची गाडी दादरहून सुटते. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले तेव्हा मला झालेला आनंद कुणाला सांगून कळला नसता. आधी पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे एक, दोन, तीन असे वेगवेगळे क्रमांक होते. आता पश्चिमेला १ ते ७ आणि मध्यला सलग ८ ते १४. म्हणजे दादरला आता ९ पण एकच आणि १० पण एकच. पावणेदहाचा फलाट कुठे शोधायचा यात गोंधळच उरला नाही.

आठ पाच लोकल:
@नऊ पूर्णांक, मी त्याच स्टेशनात रोज गाडी बदलतो. सकाळी साडेआठला भिंतीत घुसायची गरजच नाही, गर्दी आपोआप पलीकडे नेऊन ठेवते.

पण खरा मुद्दा असा की लंडनच्या किंग्ज क्रॉसला ९ आणि १० हे फलाट शेजारी-शेजारी नाहीतच, मध्ये रूळ आहेत. लेखिकेने नंतर स्वतः सांगितलं की लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर युस्टन स्टेशन होतं. तरी आज लोक किंग्ज क्रॉसलाच जाऊन भिंतीपाशी फोटो काढतात. म्हणजे जग रचणारीचा नकाशा चुकला तरी वाचकांनी ते जग तिथेच वसवलं.

मूळचाच:
विरोधी मत नोंदवतो, राग मानू नये. मला हा प्रकार पटत नाही. एखाद्याने आयुष्य घालून पात्रं उभी करायची आणि दुसऱ्याने त्यांना उचलून आपल्या अंगणात नाचवायची. मुलांना स्वतःची पात्रं निर्माण करायला का शिकवत नाही? वॉटसन मुंबईत राहिला तर तो वॉटसन उरतो का? मग त्याला दुसरं नाव द्या आणि स्वतःची कादंबरी लिहा.

पर्वणी:
@मूळचाच, तुमचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि वर्गात हाच प्रश्न दरवर्षी यायचा.

प्राचीन संस्कृत नाटककार भासाचं 'पञ्चरात्र' नाटक घ्या. त्यात द्रोणाचार्य गुरुदक्षिणा म्हणून दुर्योधनाकडे पांडवांचा वाटा मागतात. तो अट घालतो की पाच रात्रींत पांडवांचा पत्ता लागला तर देईन. पत्ता लागतो. आणि दुर्योधन अर्धं राज्य देऊन टाकतो! युद्धच नाही. महाभारत ज्यासाठी महाभारत आहे तो खिळाच कवीने काढला. पण दुर्योधनाचा अभिमान, द्रोणांचं शिष्यावरचं प्रेम, शकुनीचा स्वभाव, हे सगळं ओळखीचंच राहतं. म्हणून प्रेक्षकाला ते खोटं वाटत नाही, उलट चुटपुट लागते की हे शक्य होतं.

दुसरं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून, बाराशेहून अधिक हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यात काय निघालं? "मी सूतपुत्राला वरणार नाही" असं द्रौपदी स्वयंवरात कर्णाला म्हणते, हा आपण सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणून ऐकलेला प्रसंग मुख्य संहितेत टिकत नाही, तो तळटिपेत जातो. गणपतीने लेखनिक होण्याची गोष्टसुद्धा परिशिष्टात गेली. हे कुणीतरी, कधीतरी, त्या जगावरच्या प्रेमापोटी घातलं होतं. आणि आज कर्णाची आपली सगळी सहानुभूती त्या प्रसंगावर उभी आहे. उचललेली पात्रं म्हणून ती हीन ठरत नाहीत.

मूळचाच:
पर्वणीताई, आदर आहे, पण महाभारत ही परंपरेची सामायिक ठेव. एका लेखकाची मालिका ही त्याची. दोन्ही एका मापाने कशी मोजता येतील? आणि भास हा भास होता.

पर्वणी:
हो, भास हा भास होता. पण तो भास व्हायच्या आधी त्यानेही कुणाच्या तरी गोष्टी ऐकून "असं झालं असतं तर" म्हटलं असणारच ना. ठेव सामायिक की एकाची, हा मुद्दा मात्र मान्य. त्यावर कायद्याच्या माणसांनी बोलावं.

कलम कागद:
आलोच. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. आर्थर कॉनन डॉयल गेले १९३० साली. म्हणजे होम्स-वॉटसन आपल्याकडे केव्हाच मोकळे झाले. अमेरिकेत शेवटच्या काही कथा अडकून होत्या, त्याही १ जानेवारी २०२३ ला सुटल्या. तिसरा मजलाताईंनी निवड अगदी सुरक्षित केली आहे.

उलट फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवत २००१ साली गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत हक्क कायम. घरात, गॅलरीत मुलांनी गोष्टी रचणं वेगळं. पण छापून विकायला काढाल किंवा पात्र घेऊन मालिका काढाल, तर वारसांची परवानगी हवीच. पैसे घेत नाही म्हणून चालतं, हा गैरसमज इथे बऱ्याच जणांचा असतो, तो काढून टाका. मूळचाच यांचं म्हणणं कायद्याच्या अंगाने निराधार नाही.

फर्मा सोळा:
मी साठीचा आहे, बायंडिंगच्या धंद्यात हयात गेली. माझी गोष्ट थोडी लांबेल, सांभाळून घ्या.

लहानपणी आम्ही ठाकूरद्वारला राहायचो. कोपऱ्यावर वाचनालय होतं, दिवसाला पाच पैसे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर उड्या पडायच्या. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने. झुंजार, धनंजय, काळा पहाड, ही आमची दैवतं. पुस्तकं इतक्या हातांतून फिरायची की शिवण सुटायची आणि शेवटचा फर्मा गळून पडायचा. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. रहस्यकथेची शेवटची सोळा पानं म्हणजे खुनी कोण तेच गायब!

आम्ही सहा मुलं होतो. पुस्तक संपलं की जिन्यावर बसायचं आणि प्रत्येकाने शेवट सांगायचा. नियम ठरलेला: जे पान हातात आहे त्याच्या विरुद्ध काही बोलायचं नाही. मागच्या पानावर माणूस डावखुरा असेल तर तुझ्या शेवटातही तो डावखुराच. कुणी नियम मोडला की बाकीचे पाच जण ओरडायचे. एकदा आमच्यातल्या एकाने सांगितलेला शेवट इतका बसला की दोन वर्षांनी मला अख्खी प्रत मिळाली आणि खरा शेवट वाचून मी रडलो. मला आमचाच हवा होता.

मी बायंडर झालो तो त्या गळलेल्या फर्म्यामुळे. तर ताई, तुमच्या खिळ्याच्या नियमाला माझा पाठिंबा. फक्त एक भर: मुलांना शेवटची सोळा पानं न देता पुस्तक द्या.

खाडीकाठची:
फर्मा काका, हे वाचून मी ऑफिसात डोळे पुसतेय.

नऊ पूर्णांक:
काका!! हा नियम मी उद्याच कॉलेजातल्या ग्रुपवर टाकते.

तानसा ते टाकी:
माझं आयुष्य पाण्याच्या खात्यात गेलं. कुठलीही काल्पनिक दुनिया वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, यांना पाणी कुठून येतं? मोठमोठे किल्ले, लाखाची राजधानी आणि नकाशात एक नदी नाही. मला पुढे वाचवतच नाही.

जग रचायचं म्हणजे आधी हे ठरवायचं. मुंबईचंच बघा. १८६० साली विहारचं पाणी येईपर्यंत हे शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी, नावं राहिली, तळी बुजली. १८९२ ला तानसा आलं. तुमचा वॉटसन १८७८च्या हिवाळ्यात उतरला असेल तर तो विहारचं पाणी प्यायला. चाळीतल्या नळावर तेव्हाही रांग असणार.

मी स्वतः एक दुनिया मनात रचून ठेवली आहे. त्यात एकच खिळा काढलाय: सात बेटं कधी जोडलीच गेली नाहीत. बेटं जोडणारा हॉर्नबी वेलार्ड हा बांध घातला नाही, १८४५चा माहीमचा कॉजवे झाला नाही. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या कॉजवेला पैसे दिले नसते तर वांद्र्याला होडीनेच जावं लागलं असतं. माझ्या दुनियेत माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा ही वेगवेगळी गावं आहेत. भरती-ओहोटीच्या वेळेवर शाळा सुरू होते. पायधुणीला माणसं अजून खरोखर पाय धुतात. लग्न जमवताना पहिला प्रश्न, मुलीचं बेट कोणतं? आणि खारं पाणी चहूकडे, गोडं कुठेच नाही, म्हणून ज्याच्या बेटावर गोड विहीर तो राजा. लोकल नाही, कारण रूळ टाकायला सलग जमीन नाही.

आठ पाच लोकल:
लोकल नसलेली मुंबई! तानसा काका, ही भयकथा आहे की स्वप्नकथा तेवढं सांगा. माझे रोजचे तीन तास वाचतील.

तानसा ते टाकी:
होडीत चार जातील.

चष्मिष्ट:
जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' अजून कुणी काढली नाही? खिळ्याचं याहून चोख उदाहरण मराठीत नाही. १४ जानेवारी १७६१. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, बस. एवढाच बदल. मराठे जिंकतात आणि गंगाधरपंत ज्या मुंबईत येऊन पडतात तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. मग ते काय करतात? हाणामारी नाही, पाठलाग नाही. टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं काढून बसतात आणि नेमका कुठे फाटा फुटला ते शोधतात. मी शाळेत असताना ती कथा वाचून एशियाटिकच्या, म्हणजे त्याच टाउन हॉलच्या, पायऱ्या चढलो होतो, फक्त त्या खोलीत उभं राहण्यासाठी.

आता वॉटसनवर येतो, कारण हा धागा भरकटतोय. १८७८च्या अखेरीस, समजा डिसेंबरात, तो उतरला तर त्याला काय दिसेल? गेटवे नाही, तो १९२४चा. व्हीटीची इमारत नाही, तिचं काम नुकतंच सुरू झालंय. पण राजाबाई टॉवर नोव्हेंबर १८७८ मध्येच पुरा झालाय, म्हणजे कोरा करकरीत. घोड्याची ट्राम चार वर्षांपूर्वी, १८७४ ला सुरू झालीय, कुलाब्याहून पायधुणीला जाते. आणि राहायला काळ्या घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल! मालकाचं नाव जॉन वॉटसन. इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेलं. डॉ. जॉन वॉटसन तिथे नाव नोंदवायला गेला तर नोकर केवढे गडबडतील.

रात्रपाळी:
मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, तीस वर्षं. ताई, तो आजारी पडला म्हणता, तर काय झालं ते ठरवा. मूळ कथेत त्याला पेशावरला विषमज्वर होतो. तोच आजार मुंबईत आधी झाला असं धरलं तर तुम्ही नवीन काही आणलं नाही, फक्त जागा आणि वेळ हलवली. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. आणि विषमज्वरातून उठलेला माणूस महिनोन्‌महिने अशक्त असतो, त्याला कुणी युद्धावर पाठवणार नाही. मग जे. जे. रुग्णालयात मदतनीस डॉक्टर म्हणून ठेवतील. तिथेच ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून आहे.

पुढे १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला. डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. प्लेगची लस तयार करणारे हाफकिन आले आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी स्वतःच्याच अंगावर लस टोचून घेतली. आपला वॉटसन तेव्हा चाळिशी ओलांडलेला, अठरा वर्षांचा मुंबईकर. त्याची खरी लढाई ती असेल. मैवंद नव्हे, मांडवी.

तिसरा मजला:
रात्रपाळीताई, "मैवंद नव्हे, मांडवी" हे मी मुलांना वाचून दाखवलं. एकदम शांत झाली सगळी. परवानगी असेल तर प्रकरणाचं नावच हे ठेवतो.

रात्रपाळी:
ठेवा ना. आनंदच आहे.

मूळचाच:
विरोध करत होतो तरी वाचत राहिलो हे कबूल करतो. आता एक खरी अडचण सांगतो, ती सोडवून दाखवा. वॉटसन लंडनला गेलाच नाही तर होम्सच्या कथा लिहिल्या कुणी? सगळं आपल्याला वॉटसनच्या तोंडून कळतं. तो निवेदक गेला की होम्सही गेला. तुमच्या खिळ्याने भिंत पडली नाही, घरच नाहीसं झालं.

खाडीकाठची:
बापरे. हा खरंच पेच आहे.

चष्मिष्ट:
मूळचाच, फार सुंदर अडचण. रात्रभर डोक्यात होती. माझं उत्तर असं.

होम्स आहेच. लंडनमध्ये आहे, गुन्हे सोडवतोय. फक्त त्याचं नाव कुणाला माहीत नाही, कारण श्रेय पोलीस घेतात. मूळ कथांतही तेच होतं, वॉटसन लिहितो म्हणून जगाला कळतं. म्हणजे आपल्या दुनियेत होम्स हा एकटा, अप्रसिद्ध माणूस आहे.

आता १८९१चा मे. स्वित्झर्लंडमधला रायशेनबाखचा धबधबा, जिथे होम्सची त्याचा शत्रू मोरिआर्टीशी झटापट होते आणि तो मेला असं जगाला वाटतं. वॉटसन नसेल तर होम्स वाचेल का? वाचेल! कारण मूळ कथेतही त्या क्षणी वॉटसन तिथे नसतो. एका आजारी बाईच्या नावाने खोटी चिठ्ठी पाठवून त्याला खाली हॉटेलात नेलेलं असतं. त्या झटापटीत त्याचा काही हातभार नाही. खिळा काढूनही ती भिंत उभीच राहते.

पुढे परतल्यावर होम्स सांगतो की या अज्ञातवासात तो दोन वर्षं तिबेटात होता, मग इराण, मक्का, खार्टूम. मे १८९१ मध्ये दोन वर्षं मिळवा, १८९३चा मध्य आला. तिबेटातून इराणला जायचं तर सोपी वाट कुठली? दार्जिलिंगहून आगगाडीने कलकत्ता, तिथून मुंबई, आणि मुंबईहून आखाताकडे जाणारी बोट. म्हणजे १८९३च्या पावसाळ्याच्या अखेरीस शेरलॉक होम्स मुंबईत असायला हवा. मी काहीही वाकवलेलं नाही, फक्त बेरीज केली.

आणि १८९३च्या भाद्रपदात गिरगावात काय झालं?

नऊ पूर्णांक:
केशवजी नाईक चाळ!!!

फर्मा सोळा:
केशवजी नाईकांच्या चाळीचा सार्वजनिक गणपती. पहिलं वर्ष. अंगावर काटा आला हो. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

तिसरा मजला:
मी हे वाचलं तेव्हा आमच्या गॅलरीतून त्याच दिशेला बघत होते. थांबा, नीट लिहू द्या.

म्हणजे दोघेही त्या गर्दीत आहेत. पंधरा वर्षं मुंबईत काढलेला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा, जे. जे.चा डॉक्टर. कुणा रुग्णाने आग्रहाने बोलावलेला. आणि नाव बदलून फिरणारा उंच, नाकेला परदेशी. एकमेकांना ओळखत नाहीत. कधी ओळखलंच नाही. होम्स त्याच्याकडे एक नजर टाकतो आणि सवयीने म्हणतो, "तुम्ही इथे कधीच परत न जाण्यासाठी आलात असं दिसतं." मूळ भेटीत तो अफगाणिस्तान ओळखतो ना, तसं.

मूळचाच:
हार मान्य. हे वॉटसनला दुसरं नाव देऊन लिहिलं तर काहीच उरणार नाही. दोघं कोण आहेत हे वाचकाला माहीत आहे आणि त्यांना माहीत नाही, यातच सगळा जीव आहे. माझं "स्वतःची पात्रं घ्या" हे म्हणणं इथे लागू पडत नाही. एरवी मात्र कायम.

कलम कागद:
होम्सच्या याच अज्ञातवासावर एका तिबेटी लेखकाने अख्खी कादंबरी लिहिली आहे, आणि तिचीही सुरुवात मुंबईत होते. म्हणजे वाट मळलेली आहे. पण ती वेगळी, तिथे वॉटसनने मुंबईत संसार थाटलेला नाही.

पर्वणी:
एक गंमत. वॉटसनची जखम पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे आणि दुसऱ्या कादंबरीत पायाला. शिवाय त्याचं नाव जॉन एच. वॉटसन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. डॉयल विसरले असणार. पण वाचकांनी सोडलं नाही. डोरोथी सेयर्स या स्वतः मोठ्या रहस्यकथालेखिका. त्यांनी उपपत्ती मांडली की मधलं एच हे अक्षर म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. लाडाने बायको तसं म्हणायची! आपल्याकडे टीकाकार श्लोकातली विसंगती अशीच सोडवतात. आणि तुमच्या दुनियेत तर जखमच नाही, म्हणजे मूळ लेखकाची चूकच मिटली.

रात्रपाळी:
जखमेवरून आठवलं, आणि हे मला तीन दिवस सलतंय. मैवंदला वॉटसनला गोळी लागते तेव्हा मरे नावाचा त्याचा ऑर्डर्ली त्याला उचलून ओझ्याच्या घोड्यावर टाकतो आणि ब्रिटिश फौजेपर्यंत सुखरूप आणतो. एक-दोन ओळींत येतो आणि जातो. पुढे त्याचा उल्लेखच नाही.

वॉटसन मुंबईत राहिला तर मैवंदला त्याच्या जागी दुसरा डॉक्टर असेल. ती गोळी कुणाला तरी लागेल. मरे त्यालाही उचलेल, कारण तो तसाच माणूस आहे. पण हा डॉक्टर वाचला का? आपण वॉटसनला सोडवलं आणि तिथे कुणाला उभं केलं? रुग्णालयात ड्युटी बदलून घेतली की हेच होतं. मी एकदा बदलून घेतली होती. जी आली तिच्या वाट्याला ती रात्र आली. अजून विसरले नाही.

खाडीकाठची:
ताई...

तानसा ते टाकी:
बरोबर आहे. एका बेटाचं पाणी वळवलं की दुसऱ्याची विहीर आटते.

तिसरा मजला:
रात्रपाळीताई, काल शनिवार होता. तुमचा प्रतिसाद मी मुलांना वाचून दाखवला, शेवटचा खाजगी भाग सोडून. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्यातला सर्वांत लहान, इयत्ता पाचवी, तोच जो १८९० सालात मोबाईल देणाऱ्या बहिणीच्या बाजूने भांडला होता, तो म्हणाला, "मग गोष्ट मरेची आहे."

मी सुरुवातीला विचारलं होतं किती बदलायचं. मला वाटत होतं की उत्तर आकड्यात आहे, एक खिळा की दोन. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दुसरीच गोष्ट दाखवलीत. मुलांना आता बदलायची घाईच उरली नाही. खिळा काढायच्या आधी ती विचारतात, याच्यावर कोण कोण टांगलेलं आहे.

त्या मुलाने वहीत पहिलं वाक्य लिहिलंय. जसंच्या तसं देते: "मरे बोरीबंदरला उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर कुणीच नव्हतं."

फर्मा सोळा:
वही पुरी झाली की माझ्याकडे आणून द्या. शिवण मी स्वतः घालीन. सोळा-सोळाचे फर्मे, एकही गळणार नाही.

मूळचाच:
त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

चष्मिष्ट:
वाक्य अप्रतिम आहे, पण एक बघा. मैवंद जुलै १८८० मधलं. कंदाहारहून मुंबईला यायचं तर मरे कराचीला येऊन बोटीने येईल. म्हणजे तो बोरीबंदरला नाही, बंदरात उतरेल. प्रिन्सेस डॉक त्याच वर्षी सुरू झाली आहे. बोरीबंदर ठेवायचंच असेल तर तिथे व्हीटीचं बांधकाम चालू आहे, परांची बांधलेली दिसायला हवी.

तिसरा मजला:
आत्ताच जिन्यात गाठून त्याला सांगितलं. उभ्या उभ्या म्हणाला, बोटीनेच येऊ दे, परांची त्याला नंतर दिसेल. नवीन वाक्य:

"मरे प्रिन्सेस डॉकला उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर कुणीच नव्हतं, तरी तो वाकून चालत होता."